चमचा न सोडणारा पोपट

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. त्यामुळे ज्यातलं मला काही कळत नाही, ते माझ्याकडे आणून द्यायची पद्धत पडली होती. रामवाडीत रस्त्याकडेचा वाळलेला माड तोडला, त्याच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू पडलं आणि थेट माझ्या ओंजळीत आलं.

"तू शिकलेला हायस ना? जगव आता," आई म्हणाली.

माझा विषय वनस्पतिशास्त्र होता, पण एवढा फरक आमच्याकडे कोणी धरत नसे.

पेणच्या औषधाच्या दुकानात मी बाळांच्या पिठाचा डबा मागितला. दुकानदाराने विचारलं, "किती महिन्यांचं?"

"तीन आठवड्यांचं."

"अहो, एवढ्यात नका देऊ. आईचं दूध पुरे."

"आई उडून गेली," मी खरं ते सांगितलं. त्याने पुढे एक शब्द न विचारता डबा दिला, वर पिशवीही दिली.

चमच्याच्या कडा पक्कडीने वळवून मी त्याची पन्हळ केली. त्यातून कोमट पातळ पीठ पाजायचं. महिन्याभरात पोपटाला हिरवी पिसं आली आणि चमचा दिसला की घर डोक्यावर घेण्याइतका आवाजही आला. तेवढ्यात रोह्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. दहा दिवसांनी, सोमवारी, कामावर हजर व्हायचं होतं. राहायचंही तिकडेच. वडील मिठागरावर, आई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला, दोघंही दिवस मावळता घरी येणार. म्हणजे सोमवारच्या आत पोपट स्वतः खायला शिकला नाही, तर भरल्या घरात उपाशी मरणार.

मी घाबरलो नाही. माझ्याकडे आलेखाचा कागद होता. दिवसाला चार वेळा चमचा, मग तीन, मग दोन, असा उतरता तक्ता आखून मी भिंतीवर चिकटवला. पिंजऱ्यात वाटी ठेवली, तिच्यात भिजवलेले हरभरे आणि पेरूची फोड. मग खोलीचं दार लावून घेतलं. शिकायला एकांत लागतो, हे मी बीएस्सीला स्वतः अनुभवलं होतं.

पोपट वाटीपासून शक्य तितका लांब, कोपऱ्यात बसून राहिला. वाटी त्याला चावेल असं त्याला वाटत असावं. तक्त्यावरची रेघ मात्र सुरेख उतरत होती. आठवड्याने त्याच्या छातीचं हाड माझ्या बोटाला लागू लागलं. वडील तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, "तुझा कागद बरा जेवतोय."

शनिवारी आईने सुट्टी घेतली. मुलाला नोकरी लागली म्हणून वालाचं बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल ताटात घेऊन ती सोलायला बसली आणि म्हणाली, "आण त्याला इकडं."

"आई, तक्त्याप्रमाणे आता त्याला..."

"तक्ता घाल चुलीत. तुला काय मी खोलीत कोंडून जेवायला शिकवला व्हय रे?"

पोपट ताटाच्या काठावर बसला. आई एकेक वाल चिमटीत धरून सोलत होती, तो मान वाकडी करून बघत होता. थोड्या वेळाने त्याने एक वाल उचलला, साल काढून टाकली, आतला दाणा चावला आणि थुंकला. कच्चा वाल कडूच.

"हुशार हाय, तुझ्यापेक्षा," असं म्हणत आईने वाल बाजूला केले आणि त्याच्या वाटीतले भिजवलेले हरभरे जमिनीवर पसरले. एक स्वतःच्या तोंडात टाकून ती मचमच चावू लागली. पोपट चालत आला, हरभऱ्याची साल काढली आणि अर्धा दाणा गिळला.

"खाल्ला!" मी ओरडलो. पोपट दचकून आईच्या पदरात शिरला.

"गप बस गाढवा," आई म्हणाली आणि दुसरा हरभरा चावू लागली.

रविवारी संध्याकाळी त्याच्या गळ्याखालची पिशवी हाताला टम्म लागली. चमच्याशिवाय. मी शास्त्रीय शंका म्हणून दोनदा चाचपली.

सोमवारी पहाटे बॅग भरून झाल्यावर मी तरीही थोडं पीठ कालवलं. तक्त्यात नव्हतं, पण कालवलं. पोपटाने चमचा चोचीने बाजूला ढकलला, कारण चमच्यामागे हरभरा होता. मी भरला चमचा हातात धरून तसाच बसून राहिलो.

"ऊठ आता, रोह्याची एसटी जाईल," आई म्हणाली. "त्याला जेवू दे."