तव्याविना जेवली लॉरी

आमची छबू म्हंजी माझी पाठची बहीण. बारामतीची पोर, अंथुर्ण्याला दिलेली. अशी बहीण तालुक्यात दुसरी दावा, मी मिशी उतरवतो.

छप्पन सालची गोष्ट. नागपंचमीला बारामतीची पेठ बंद. मी इमामभाईची लॉरी ठरवली. इंदापूरची गढी, तितला दर्गा, मग पळसदेवचं दगडी देऊळ बघून सांजंला माघारी. पेठंतली दुकानदार मंडळी लॉरीत. सगळ्यास्नी म्या बजावलं, "न्याहारीचं गठुडं कुनी आनायचं न्हाय. वाटंवर माझ्या बहिणीचं घर हाय."

छबूलाबी संगं न्यायची व्हती. पळसदेव आमच्या आईचं माहेर. देवळाच्या पायऱ्या भीमंत उतरत्यात, आसं आई सांगायची. लेकीला दावायच्या आदीच ती गेली. तवा लग्नात म्या छबूला शब्द दिलेला, मी दावीन.

लॉरी दारात थांबली. छबू नवं लुगडं नेसून तयार. पर तिची सासू चंद्राबाई उंबऱ्यात आडवी हुबी.

"पावनं, एवढी मानसं उपाशी आनलीसा? आज पंचमी. आमच्यात तवा चढत न्हाय, इळीला हात लावत न्हाईत."

इमामभाई खाली उतरून म्हनला, "सावळातात्या, गरम भाकरी म्हनला व्हतासा. हितं तर धूरबी न्हाय!"

लॉरीतली मंडळी फिदीफिदी हसली. लोक अजून म्हनत्यात, सावळाराम सण इसरला. इसरतोय कशाला? माझा छबूवर भरवसा व्हता.

चंद्राबाई सुनंला म्हनली, "दारातनं उपाशी कुनी जायाचं न्हाय. समद्यांस्नी जेवू घाल, मग खुशाल जा."

इमामभाईनं उन्हाकडं बघितलं. "वैनी, ऊन डोक्यावर यायच्या आत निघालो तरच पळसदेव. न्हायतर गढी बघून माघारी."

छबूचं तोंड एवढंसं झालं. घरात दिंडं व्हती, कणकंत पुरण भरून उकडलेली, पर ती घरापुरती. पातेल्यात उकडत बसली आसती तर दीस मावळला आसता. ती माझ्याकडं वळली.

"दादा, बसू नगा. गुऱ्हाळातली चिपाडं वढा."

घरामागं त्यांचं गुऱ्हाळ. उसाचा रस आटवायची काहील चुलवाणावर मोकळी पडलेली. छबूनं ती घासून घितली, तळाला पानी वतलं, वर उसाची कांडी आडवी रचली, त्येच्यावर धोतराचं धुतलेलं पान. मग आळीत वरडली, "आगं जयवंता, बानूबाई! माझ्या म्हायेरचं मानूस आलंय. तुमची कणीक आन् पुरण हितं आना, एकदमच उकडू!"

आळीच्या आळी आली. झोका सोडून पोरी आल्या.

चंद्राबाईनं काहिलीकडं बोट केलं. "लोखंडाचं हाय त्ये. त्यो तवाच की!"

"आत्याबाई, तळाला पानी हाय," छबू म्हनली. "भाजायचं न्हाय, उकडायचं. नागोबाला चटका बसला तर मला इचारा."

म्हातारीनं वाकून पानी बघितलं, मनगटानं वाफ चाचपली. मग पदर खोचला आन् सोता गाणं धरलं. बाया दिंडं वळायला लागल्या. इमामभाई माझ्या जोडीनं चुलवाणात चिपाडं कोंबत व्हता, डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी.

"तात्या, ईदीला वैनीलाच बोलवतो!"

वर गोणपाट झाकलेलं काढलं तवा अशी वाफ उठली, दुकानदार हात धुऊनच फुडं आलं. एकेकानं तूप मागून मागून खाल्लं. ऊन डोक्यावर यायच्या आत लॉरी हालली. छबू फुडं, इमामभाईच्या शेजारी. गाडीत आता कुनी हसत न्हवतं.

गढी बघितली, दर्ग्यावर फुलं वाहिली. पळसदेवला भीमा लाल, फुगल्याली. खालच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या. छबू एक एक पायरी उतरली, पाय भिजवलं, पदरात बांधलेलं एक दिंड पायरीवर ठिवलं.

"दादा, आईनं सांगितलं तस्संच हाय."

म्या उगंच देवळाच्या कळसाकडं बघत बसलो.

सांजंला अंथुर्ण्यात पोचलो. चंद्राबाई वसरीवरच व्हती. छबू लगबगीनं चुलीकडं निघाली, तर म्हातारीनं फुडं पाट सारला.

"बस हितं. पायऱ्या कशा हायत त्ये सांग आदी. चुलीचं मी बघते."

भाईर इमामभाई हारन वाजवत व्हता. म्या म्हनलं, "वाजव किती वाजवायचा त्यो. आमच्या छबूचं सांगून हुईस्तोवर लॉरी हालायची न्हाय."