एकदा ठोकलं की हो

डॉक्टरांनी भार्गव नेवासकरला महिनाभर तोंड मिटून बसायला सांगितलं, तेव्हा त्याची बायको देवश्री हिने विचारलं, "कुजबुजलं तर चालेल?"

"कुजबुजणं ओरडण्याहून वाईट," डॉक्टर म्हणाले. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. महिन्याने बोलता येईल, पण ओरडणं मात्र आता कायमचं बंद.

भार्गव शाळेत पी.टी.चा मास्तर. दिवसा पोरांवर ओरडायचं आणि संध्याकाळी दृष्टिहीनांच्या फुटबॉल टीमवर. भारताच्या टीमचा तो गोलकीपर. या खेळात मैदानावरचे चौघे आंधळे, त्यावर पुन्हा डोळ्यांना पट्ट्या, म्हणजे कुणाला उजेडाची तिरीपही नको. पाचवा, गोलमधला, तेवढा डोळस. चेंडूत छर्रे असतात, घरंगळला की तो खुळखुळतो. प्रेक्षकांनी चिडीचूप बसायचं. कीपरने आपल्या बाजूच्या खेळाडूंना सांगत राहायचं: डावीकडे, मागे ये, आता पाय घाल. चेंडू अडवणं हे त्याचं निम्मंच काम, उरलेलं निम्मं घशाचं.

या भानगडीत तो पडला कसा? अंध शाळेच्या एका ओळखीच्या सरांनी "एक दिवस ये, आमचा कीपर आजारी आहे" म्हणून बोलावलं होतं. एक दिवसासाठी गेलेली माणसं अशीच अडकतात. त्याला आता दहा वर्षं होत आली. अपंग खेळाडूंच्या सवलती त्याला नाहीत, कारण तो अपंग नाही. धडधाकट खेळाडूंत कुणी धरत नाही, कारण टीम आंधळ्यांची. घरच्या लग्नाकार्यांना गैरहजर, आणि पाहुण्यांनी विचारलं की देवश्री सांगणार, "ते खेळायला गेलेत." छत्तिशी उलटलेला माणूस खेळायला गेलाय म्हणताना तिलाच संकोच व्हायचा.

यंदाची आशियाई स्पर्धा थायलंडला झाली. भारत आठांत सातवा. खरं तर सहावं येणं हातात होतं. शेवटची मॅच संपायला आली होती, शून्य-शून्य. भार्गवच्या गोलसमोर चेंडू येऊन थांबला. थांबलेला चेंडू खुळखुळत नाही. कप्तान धर्मपाल त्याच्यापासून हातभर अंतरावर, कान टवकारून उभा. भार्गवला सगळं लख्ख दिसत होतं. चेंडू कीपरला आखून दिलेल्या चौकोनाच्या रेषेपलीकडे दोन हात. पण रेष ओलांडली की पेनल्टी. तो ओरडला, "धर्मा, मागे!" आणि तोंडातून नुसती हवा आली. त्याच्या पाठीमागेच समोरच्या टीमचा वाटाड्या, गोलमागून आपल्या खेळाडूंना दिशा सांगणारा, उभा होता. त्याचा गळा खणखणीत. तो काहीतरी ओरडला, त्यांचा खेळाडू 'वॉय, वॉय' करत आला (चेंडूकडे जाताना असं म्हणायचा नियमच आहे), आणि चेंडू भार्गवच्या बगलेतून जाळीत.

घसा पहिल्या मॅचपासूनच बसला होता. गरम पाणी आणि खोकल्याच्या गोळ्यांवर त्याने तो कोचपासून लपवला. राखीव कीपर बाकावर बसून होता, त्याला उभं करता आलं असतं. हे ओझं घेऊन तो रायपूरला परतला. सातव्या नंबरला हार घेऊन स्टेशनवर कोण येतंय?

तात्यापाऱ्यातल्या त्याच्या इमारतीत, डॉक्टरांकडून परतताना, जिन्यावरच पांडुरंगकाका भेटले, खालच्या मजल्यावरचे.

"काय रे भार्गव, अख्ख्या टीममध्ये डोळेवाला एकटा तू, आणि गोल तूच सोडलास?"

भार्गवला उत्तर द्यायची बंदी होती.

घरात स्टीलचा पेला आणि चमचा यांवर कारभार चालला होता. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. भाजीत मीठ बरं आहे? ठक. आईंचा फोन आलाय, घेणार? ठक ठक. आठवड्याभरात देवश्री कंटाळली. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेचा पेपर काढावा लागतो," ती म्हणाली, "हो-नाहीवाला."

धर्मपालचे मेसेज रोज येत होते. तो रायपूरला लागूनच असलेल्या बीरगांवचा. वडील भंडाऱ्याहून तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. स्वतः तो बँकेत चौकशीच्या फोनवर बसायचा. त्याचा मोबाइल मेसेज वाचून दाखवतो, तेव्हा भार्गवने लिहून कळवलं असतं तरी भागलं असतं. पण भार्गव लिहीत नव्हता. लिहायचं ठरवलं की मोबाइल उशीखाली सरकवायचा.

अखेर एका दुपारी दारावर काठी वाजली.

"वहिनी, आहे का तो मुका?"

"या ना भाऊ. आहे की. जातो कुठे?"

धर्मपाल खुर्ची चाचपून बसला. "काहून बे, मेसेज पाहून घेते आन् जवाब देत नाही? एक दिवस झाला, दोन दिवस झाले. मले वाटलं, गेला का काय हा."

भार्गवने मोबाइल घेतला, बराच वेळ टाइप केलं आणि पाठवून दिलं. धर्मपालच्या खिशातून एक यांत्रिक बाई धडाधड हिंदी वळणाचं मराठी वाचू लागली: गळा पहिल्या दिवसापासून खराब होता, कोचला सांगितलं नाही, गोल माझ्यामुळे झाला. पाहुण्याच्या खिशातून आपल्या नवऱ्याचा कबुलीजबाब ऐकून देवश्री चहाचं आधण ठेवायचंच विसरली.

"बंद कर बाबा हे," धर्मपालने खिसा दाबला. "इतके वर्स तुहा आवाज आयकला, आता तुह्या तोंडून ही बाई बोलून राहिली. वहिनी, हा घरात कसा बोलते?"

देवश्रीने पेला आणि चमचा भार्गवपुढे ठेवला आणि रीत समजावून सांगितली.

"हव. झकास. आता सांग. आमाले समजलं नसन, असं वाटलं तुले?"

ठक.

"मूर्ख हाय तू. अबे, आमी आंधळे आहोत, बहिरे नाही. दुसऱ्या मॅचले तुहा गळा फाटला तवाच चौघायले समजलं. रात्री खोलीत बोलणं झालं आमचं. कोचले सांगायचं नाही, असं आमीच ठरवलं. तो राखीववाला डावं-उजवं उलटं सांगते. तुहा फाटका आवाज परवडला. तवा गोल एकट्याच्या नावावर घेऊ नको. लय मोठा झाला का तू?"

आठ दिवस छातीवर वागवलेला धोंडा चौघांनी आधीच वाटून घेतला होता, आणि भार्गवला पत्ता नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटली ती फक्त दमणूक, हाडांत मुरलेली.

"खरी गोष्ट इचारतो आता," धर्मपाल म्हणाला. "डॉक्टर काय म्हणते ते वहिनीनं फोनवर सांगितलं. पर तू सांग. गोलमंदी परत उभा राहशीन?"

देवश्री स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

भार्गवने ठोकलं. ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक.

"दोन होते ना?"

ठक.

चहा आला तो धर्मपालने बशीत ओतून, न फुंकता प्यायला. "मीही थकलो बे," तो म्हणाला. "घुटने गेले माहे. पर तुले घरी बसता येते, शाळा हाय, घर हाय. मी बसलो तं बीरगांवचा आंधळा होऊन जातो पुन्हा. असो. तुह्यावर राग नाही. थोडासा हाय, पर तो जाईन."

तो उठला. तीन मजले, लिफ्ट बंद. आजवर भार्गव बोलत बोलत त्याला उतरवायचा: वळण आलं, भिंतीच्या बाजूने, शेवटची पायरी उंच आहे. धर्मपाल कुणाचा हात धरत नसे. आवाज पुरे, म्हणायचा. आज भार्गवने किल्ली घेतली आणि कठड्यावर ठोकत तो पुढे उतरू लागला. वळणावर दोनदा. धर्मपाल त्या ठणठणीमागून बिनचूक उतरला. पांडुरंगकाकांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि मिटलं.

रस्त्यावर मात्र किल्लीचं काही चालेना. ऑटो, हॉर्न, कुठल्याशा वरातीचा डीजे. धर्मपाल कडेला थांबला, अंदाज घेतला, आणि हात पुढे करून भार्गवचा खांदा शोधला. खांदा पकडला तो ऑटोपर्यंत सोडला नाही.

आत बसल्यावर तो म्हणाला, "भिलाईचा नवीन कीपर घेतला. बॉल नुसता पाहते आन् चूप राहते. त्याले बोलणं शिकवा लागते, आन् मुक्याबिगर ते कोणाले जमन? रविवारी ये. खुर्ची टाकून बस. तो चूप राहिला का ठोक. येशीन?"

रविवार. दहा वर्षांत पहिल्यांदाच रिकामा मिळणारा रविवार. भार्गवने पेल्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, मग ऑटोच्या टपावर किल्ली मारली. एकदा.

"अरे भैया, गाड़ी काहे ठोक रहे हो?" ऑटोवाला खेकसला.

"ठोकू द्या हो," धर्मपाल म्हणाला, आणि कान बाहेर काढून बसला, दुसरी पडते की काय म्हणून. पडली नाही.

ऑटो गेली. भार्गव वर जायच्या आधी तळमजल्याच्या पायरीवर बसला, आणि तीन मजले चढायचे आहेत हे आठवून तिथेच आणखी थोडा बसून राहिला.