सकाळच्या रांगेतली सोय

कडकबाई हे नाव तिला लाँड्रीत पडलं. हॉटेलांच्या चादरींना ती अशी इस्त्री मारायची, की चादर भिंतीला टेकवून उभी करावी. माणूस मात्र मऊ. नवी चप्पल पायाच्या अंगठ्याला चावली, त्यात अंगात साखर, जखम भरेचना. दिवसाआड पट्टी नाही बदलली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं.

सरकारी दवाखाना संध्याकाळी उघडा होता तोवर कामावरून सुटली की ती थेट तिथं जायची. मग वरून हुकूम आला: दवाखाना फक्त सकाळी, सगळ्यांना सारखाच. सकाळी तर लाँड्रीचा बॉयलर पेटतो. म्हणजे एका पट्टीला एक खाडा. आठवडाभर पट्टी तशीच राहिली.

"घे खाडा," शेजारच्या टेबलावर घड्या घालणारी जाऊ म्हणाली. "मुकादमाला मी बघते."

"तू काय बघणार? तुला बघून तो पळतो."

"तेच म्हणतेय मी!"

खाडा करून कडकबाई दवाखान्यात गेली. रांगेत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली. "मावशी, नव्या वेळेचा सगळ्या थरांतल्या लोकांना सारखा फायदा होतोय का, ते बघतोय आम्ही. वेळ सोयीची आहे ना?"

"कसली सोय? खाडा करून आलेय."

"पण आलात ना? मग 'सोयीची' लिहिते."

"आणि ज्यांना येताच येत नाही, त्यांना कुठं गाठणार?"

"आम्हाला रांगेतच विचारायला सांगितलंय."

कडकबाईचं डोकं फिरलं. "अगं बाई, रांगेत नाहीत म्हणून तर विचारायचं! चल लाँड्रीत. एक पोटुशी आहे, एकीला दमा आहे. दिसतात का इथं?"

"लाँड्री माझ्या हद्दीत नाही हो," मुलगी कसनुशी हसली.

तेवढ्यात नर्सनं खिडकी लोटली. "दोनदा हाक मारली तुम्हाला. भांडत होतात. उद्या या."

"उद्या कशी येऊ?"

"सगळे येतात की!"

दुसऱ्या दिवशी ती एका पायावर भार देऊन इस्त्री ओढत होती.

"झाली पट्टी?" जावेनं विचारलं.

"पट्टी कुठली! वेळ सोयीची आहे, एवढं लिहून झालं."

जावेनं बाद चादरीची पट्टी फाडली, तिच्यावर गरम इस्त्री फिरवली आणि खाली बसली. "कर पाय इकडं."

जुनी पट्टी सुटली. अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं. जावेनं फाडलेली पट्टी त्यावर गुंडाळायला घेतली.

मागून मुकादम ओरडला, "चादरी काय मी करू?"