चंदनला घराबाहेर काढलं, त्याची गोष्ट

चंदन नटूनथटून पडद्याआड उभा होता आणि बाहेर यायला धजत नव्हता. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, अप्पा बसले होते.

अहो, ज्यानं सहा आठवडे अख्ख्या देशासमोर टीव्हीवर साडी नेसून लावणी केली, त्याला बापाची कसली भीती? तर ऐका. सहाव्या आठवड्यात चंदन स्पर्धेतून बाहेर पडला. नाच लोक विसरले. लक्षात राहिली ती त्यानं रडतरडत सांगितलेली गोष्ट: मी साडी नेसतो हे कळल्यावर वडिलांनी माझे कपडे रस्त्यावर फेकले, मला घराबाहेर काढलं.

साफ खोटं! कार्यक्रमवाली एक बाई रोज मागं लागायची, ‘घरचं काहीतरी सांग, लोकांना रडू येईल असं.’ घरात रडण्यासारखं काही नव्हतंच. निपाणीहून येऊन तीस वर्षं जयनगरात ब्लाउज शिवणारे यल्लाप्पा मुलाला पहिल्यांदा त्या वेषात बघून एवढंच म्हणाले होते, ‘खांद्यात सैल झालंय. काढ, स्वल्प टाका मारतो.’ तेव्हापासून कावेरीचे, म्हणजे स्टेजवरच्या चंदनचे, सगळे ब्लाउज अप्पाच शिवायचे. आणि असल्या बापाला या दिवट्यानं देशापुढं राक्षस केलं!

पुढं त्याच राक्षसावर पोट भरायला लागलं. कंपन्यांतून बोलावणी यायची. थोडा नाच, मग ती गोष्ट, मग टाळ्या. तो कार्यक्रम आपल्या टीव्हीवर दिसत नाही, असं बहीण शालननं अप्पांना पटवून ठेवलं होतं. कपड्यांची पेटीही तीच पोचवायची. आज तिला ताप. म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्याच्या या कंपनीत अप्पाच पेटी घेऊन आले. ‘मी टेलर,’ म्हणाले, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या केतकीनं त्यांना मोठ्या कौतुकानं पुढं नेऊन बसवलं.

‘केतकी, आज गोष्ट नको. दोन लावण्या जास्त करतो.’

‘असं नको ना यार! सगळे त्याच्यासाठीच थांबलेत. मुंबईचे सर खास आलेत. त्यांना आवडलं तर अजून अकरा ऑफिसेस आहेत, चंदन.’

लावणी झाली. माईक हातात आला. अप्पा त्याच्या ब्लाउजची बाही न्याहाळत होते.

‘मेरे पिताजी ने...’ लोक वाट बघत होते. केतकी कडेनं हातवारे करत होती.

‘मला कधीच घराबाहेर काढलं नाही,’ तो हिंदीत म्हणाला. ‘मी खोटं बोललो. ते बघा, समोर बसलेत ते माझे वडील.’

मुंबईच्या सरांच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात अप्पा उठले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागले.

‘पोरगा मला सांभाळून घेतोय. मीच काढलं त्याला. कपडे फेकले. चुकलं माझं.’ आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! बायका डोळे पुसत होत्या. अप्पांच्या शेजारच्या माणसानं मात्र आपली खुर्ची बाजूला सरकवली.

चंदन साडी सावरत खाली धावला. ‘अप्पा, काय बोललात हे!’

‘हळू बोल. जयनगरात दोन वर्षं हेच सांगतोय मी. आपल्या गिऱ्हाईक सुलभाबाईंनी, तू टीव्हीवर बोललास त्याच आठवड्यात, फोनवर दाखवलं होतं. चार गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. मी हे खोटं म्हटलं असतं तर तुला कुणी बोलावलं असतं?’

चंदनला हुंदका आवरेना. तो पायाशी वाकला तसे चहूबाजूंनी फोन वर झाले. केतकी डोळे पुसत आली. ‘काका, तुम्ही दरवेळी याल? दोघं मिळून स्टेजवर?’

‘येतो की. शनिवार तेवढा नको, दुकानात गर्दी असते.’

‘नाही येणार,’ चंदन ओरडलाच. त्यानं अप्पांचा हात धरला आणि दागिन्यांसकट, विगसकट त्यांना रस्त्यावर घेऊन आला.

‘उद्याच जयनगरात येतो, अप्पा. दारोदार जाऊन सांगतो, खोटारडा मी आहे म्हणून.’

‘आत्ता सांगितलंस की,’ अप्पा म्हणाले. ‘कुणी ऐकलं का?’