शांतवनाच्या तोंडातला विडा

सांगलीच्या पेठेत विष्णुपंतांचं कापडदुकान होतं. दुकान चांगलं चालायचं, पण पंतांना एक दुःख होतं. ते म्हणजे त्यांचा विक्रेता, शांतवन.

शांतवन मिरजेच्या ख्रिस्ती वस्तीतला. घडी अशी उलगडायचा, की साध्या लुगड्याचाही मोर व्हावा. पण गिऱ्हाइकानं "रंग पक्का का?" विचारलं, की मोराची पिसं गळायला लागायची. गिऱ्हाईक म्हणजे आपला शेजारी, असं तो मानायचा. म्हणून आपल्या बायकोला, मार्थाला जे नेसवणार नाही, ते शेजारणीच्या गळ्यात मारायचं नाही. होय ते होय, नाही ते नाही.

"तुझ्या येशूनं दुकान घातलं असतं, म्हणजे कळलं असतं!" पंत चिडायचे.

"त्यांनी सुतारकी केली, मालक. डगमगणारी खाट खपवली नसेल."

साल एकेचाळीस. लढाईमुळं जर्मनीचे पक्के रंग बंद झालेले. अशात तासगावकडच्या आकारामनं लेकीच्या लग्नाचा बस्ता काढला. वधूकडची, वराकडची माणसं दोन गाड्या भरून दुकानात उतरली. पंतांनी शांतवनाला मागं ओढलं.

"जांभळा शालू आज गेलाच पाहिजे. बस्ता मोडला, तर उद्यापासून मिरजेत मार्थाबरोबर भाकऱ्या थाप!" आणि त्याच्या तोंडात भला मोठा विडा कोंबला. "बोलायचं नाही. नुसतं उलगडायचं."

शांतवन उलगडत गेला. वरमाईनं जांभळा शालू खांद्यावर टाकला. पंतांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आकाराम शांतवनाच्या कानाशी आला.

"पावनं, ती नवऱ्याची आत्या, अंबूबाई. तिला इरकली लुगडं काढलंय. शालूच्याच तोलाचं हाय, एवढं म्हना. न्हाईतर मांडवात रुसून बसंल."

अंबूबाई आलीच. "काय रं लेकरा, माजं लुगडं वैनीच्या शालूच्या तोलाचं हाय का?"

पंत खोकले. आकारामनं लांबूनच हात जोडले. शांतवनानं दोघांकडं पाहिलं, डोळे मिटले आणि अख्खा विडा गिळला.

"नाही, आत्याबाई." उचकी. "स्वस्त आहे."

आकाराम मटकन गादीवर बसला.

"ऐकलंसा?" अंबूबाईनं पदर खोचला. "नवऱ्याच्या आत्याला हलकं कापड! गाड्या जुपा रं! लगीन ऱ्हाऊ दे तिकडं!"

"हलकं नाही, स्वस्त!" उचकी. "रंग पक्का आहे. नातीपर्यंत टिकेल. शालूचा रंग जाईल."

जोडे घालायला निघालेली अंबूबाई थांबली. "जाईल म्हंजी? कवा?"

"लग्न वैशाखात. घामानंच उतरेल."

अंबूबाई सावकाश परत येऊन बसली. तोंडावर असा काही गोडवा, की बघत राहावं.

"वैनी, तुमी घ्या बाई शालू. लय खुलतोय. जांभळ्या हून मिरवा गावभर!"

वरमाईनं खांद्यावरची पाल झटकावी तसा शालू झटकला. "मला नगं! वन्संसारखंच काढा!"

मग मावशीला तेच, चुलतीला तेच, करवलीला तेच. इरकलीचा ढीग संपत आला आणि आकारामच्या जिवात जीव आला. जाताना त्यानं शांतवनाला मिठीच मारली. "लग्नाला यायचं बरं का पावनं! पर मांडवात कुनी काय इचारलं, तर तेवढा घास तोंडात असू द्या!"

गाड्या गेल्या. दुकानात उरले पंत आणि शालू. शांतवनानं टोपी उचलली.

"कुठं निघालास?"

"मिरजेला. भाकऱ्या थापायला."

"बस्ता मोडला का?"

"नाही."

"मग बस खाली. मोडला तर जा म्हणालो होतो. माझंही होय ते होय." पंतांनी शालूची घडी केली आणि उगाच पुन्हा मोडली. "हा घेऊन जा. मार्थाला."

शांतवन नुसता शालूकडं बघत राहिला.

"कळलं, कळलं! आमच्या हिलाच नेतो."

"मालक, काकूंना सांगा..." उचकी. "सावलीतच नेसा म्हणावं."

"तू घरी येऊन सांगितलंस, तर याद राख!"