पायाळूचा डावा पाय

सगळे त्याला पायाळू म्हणत. तसा तो जन्मला डोक्याकडूनच. पण क्लचवर डावा पाय ठेवला की गाडीचं दुखणं त्याला कळायचं, म्हणून हे नाव. प्लेट किती झिजली, हवा कुठे अडकली, हे तो बॉनेट न उघडता सांगे. वीस वर्षं थोरल्या भावाचं गॅरेज त्या पायावर उभं होतं.

मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. साहित्यात एम.ए. होऊन रिकामा होतो. तो मला मास्तर म्हणे. क्लचमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक गाडीखाली. आमची मैत्री तिथेच झाली.

सोमवारी ती बुटकी निळी गाडी आली. शर्यतीच्या ट्रॅकवर पळणारी. मालक म्हणाला, "पेडलचं लोणी झालंय. वेगात गिअर बदलला की खालीच राहतं. शनिवारी मला गाडी हवी."

तो गेल्यावर थोरल्याने सगळ्यांसमोर सुनावलं. "या महिन्यात तुझ्या हातच्या तीन गाड्या परत आल्या. ही आली तर तू काउंटरवर बस. गाड्या पोरगा बघेल."

पोरगा म्हणजे थोरल्याचा मुलगा. नुकताच ट्रेनिंग घेऊन आला होता.

"काउंटरवर काय, माश्या मारू?" पायाळू म्हणाला. कोणी हसलं नाही.

त्याने क्लचचं जुनं ऑइल काढलं. काळंकुट्ट निघालं. नवं भरलं. मी पेडलवर बसलो, तो गाडीखाली शिरला.

"दाब."

"दाबलं."

"धर. हं, सोड."

फरक पडला, पण थोडा. मंगळवारी त्याने रबराचा पाइप काढला. दाब आला की तो फुगत होता. त्याजागी स्टीलच्या जाळीचा बसवला. पुन्हा हवा काढली. पेडल माझ्या पायाखाली टणक झालं. मी बोलणार, तोच मला उठवून तो आत बसला, पेडल दाबलं आणि मान हलवली.

"मऊच आहे. कापसावर पाय ठेवल्यासारखं."

मी गप्प बसलो. त्याच्या पायापुढे माझा पाय तो काय.

बुधवारी त्याने क्लचचा वरचा सिलिंडर बदलला. गुरुवारी खालचा. प्रत्येक वेळी तेच, कापूस.

गुरुवारी दुपारी वहिनी, म्हणजे त्याची बायको, डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राला विचारा. चप्पल जिन्यात राहते आणि हे एका पायाने अनवाणी घरात येतात. शेवटी नाडीचे बूट घेतले."

"डोकं गाडीत असतं गं," तो म्हणाला.

"आणि पाय कुठे असतात? शुगरच्या गोळ्यासुद्धा कपाटात तशाच."

"गोड माणसाला गोड रोग."

आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने तोच.

शुक्रवारी सकाळी तो तासभर पेडल दाबत बसला. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. मी आत बसलो. पेडलच्या रबरावर काहीतरी ओलं होतं. ऑइल असेल म्हणून बोट लावलं. बोट लाल झालं.

तो चालायला वळला तसा त्याच्या डाव्या बुटाचा तळवा मला दिसला. तळव्यात एक स्क्रू डोक्यापर्यंत रुतला होता.

"उस्ताद, पायातून रक्त येतंय."

त्याने खाली पाहिलं.

"कुठल्या?"

मी डाव्या बुटाकडे पाहत राहिलो. त्याने माझी नजर गेली तिकडे पाहिलं. मग जमिनीवर बसून बूट काढला. स्क्रू चवड्यात इंचभर शिरला होता. तो त्याने पक्कडीने उपसला. भोकावर अंगठा दाबला. आणखी जोरात दाबला. चेहऱ्यावर काहीच नाही.

मग तो गुडघ्यांवर दारापर्यंत सरकला, आत वाकला आणि पेडल तळहाताने दाबलं. तीनदा.

"टणक आहे."

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि तू गप्प?"

"तुम्ही मऊ म्हणालात."

"एवढी पुस्तकं वाचलीस मास्तर. त्यात 'नाही' हा शब्द नव्हता?"



त्याने फडकं घेतलं, आधी पेडल पुसलं, मग पाय. मोजा चढवला, बूट घातला, नाडी नीट बांधली. थोरला आणि पुतण्या आले. पायाळूने किल्ली पुतण्याच्या हातात दिली.

"दाबून बघ."

पोराने दाबलं. "एकदम कडक! काका, तुमच्या पायाला तोड नाही."

पायाळू वळला. काउंटरपाशी गेला, खुर्ची ओढली आणि बसला.

थोरला चमकला. "अरे, तिथे का बसलास? गाडी कुठे परत आलीय?"

"येणारही नाही आता," पायाळू म्हणाला. "मी इथे बसलोय ना."