खोपोलीतली लाल टाचणी

नव्वदच्या दशकात बदलापूरला रस्त्याच्या कडेला माझा एसटीडी बूथ होता. दर मंगळवारी चारच्या सुमारास तिथे एक ट्रक ड्रायव्हर यायचा. गमछ्याने रिसीव्हर पुसायचा आणि उल्हासनगरच्या आपल्या मालकाला सांगायचा, "सेठ, आत्ताच घाट उतरलो. खोपोलीत आहे." खोपोली दीड तास मागे राहिलेली, ट्रक तर माझ्यासमोर उभा असायचा.

मग चपला काढून तो दीड तास पिंपळाखाली बसायचा. मला आधी वाटलं, डिझेल विकत असेल. मग वाटलं, बाईची भानगड असेल. पण कोणीच येत नसे. तो झोपायचा नाही, साधी बिडीही ओढायचा नाही. तळपाय उन्हात धरून नुसता बसायचा.

एकदा न राहवून मी विचारलं, "कुठं जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, मग खोटं कशाला बोलता?"

तो म्हणाला, "सेठच्या भिंतीवर नकाशा आहे. आपल्या गाडीची लाल टाचणी आहे त्यावर. मी फोन केला की सेठ ती सरकवतो. आता दीड तास टाचणी खोपोलीत, आणि मी कुठंच नाही."

मला तेव्हा काही कळलं नाही. आजही नीट कळलंय असं नाही.

बूथ केव्हाच गेला. आता माझे चार टेम्पो आहेत, चारही जीपीएसवर. परवा एक ठिपका पालेगावजवळ तासभर हललाच नाही. जाब विचारायला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, "बोला सेठ," आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवलास का?"

दुपारचे चार वाजले होते. तोही गोंधळला. म्हणाला, "निघतोच, सेठ."

फोन ठेवेपर्यंत ठिपका हललाही होता.